कमरेचे चार लाख

यशवंतराव खोड्यांचा अपमान झाला तो दुपारच्या चहाच्या वेळी, व्हिडिओ कॉलवर, आणि तोही जावयाच्या तोंडून. सासऱ्याचा अपमानच करायचा तर जावयानं रीतसर घरी यावं, पाटावर बसावं, पुरणपोळी हाणावी आणि मग करावा. पण अंकुर होता बार्सिलोनात आणि यशवंतराव मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात, त्यामुळे अपमान परस्पर आकाशातून आला आणि थेट चहाच्या कपात पडला.

मुलगी अश्विनी तिकडेच बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, आणि आजी-आजोबा पोचल्याशिवाय तिचं बारसं करायचं नाही असं ठरलं होतं. ‘बारशाले बार्सिलोना’ हा विनोद गल्लीत इतक्या जणांनी केला की यशवंतरावांनी त्यावर हसणं सोडून दिलं होतं. व्हिसा झाला, तिकिटं आली, आणि नेमका तेव्हा अंकुर म्हणाला, "बाबा, एक सांगू का? इथे खिसेकापू फार आहेत. मेट्रोत तर कळतही नाही केव्हा गेलं ते. पासपोर्ट, पैसे जरा जपा. नाहीतर असं करा ना, सगळं आईंकडेच द्या."

सगळं आईंकडे द्या! यशवंतराव उभी हयात पोस्टात होते. सौंसरहून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. लोकांच्या मनिऑर्डरी, विम्याची पार्सलं, राख्यांची पाकिटं, पोरींच्या सासरी जाणारे पापड, सगळं त्यांच्या हातून गेलं आणि जिथं जायचं तिथं पोचलं. एकदा एका पार्सलातली लोणच्याची बरणी फुटली होती हे खरं. पण ती फुटली होती, हरवली नव्हती. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो ज्याला कळत नाही त्यानं पोस्टमास्तराला अक्कल शिकवू नये, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

"मले सांगून राहिला!" ते जयवंताबाईंपुढे तडतडले. "मले! जिंदगीभर ज्यानं दुसऱ्याच्या वस्तू सांभाळल्या त्याले!"

"काळजीनं म्हटलं त्यानं," जयवंताबाई म्हणाल्या. "अन् माह्याजवळ देल्लं तं तुमचं काय बिघडून राहिलं?"

हा दुसरा अपमान. पण जयवंताबाईंना त्याचं काही नव्हतं, त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. त्यांनी कपाटातून एक पुडी काढली. आत चांदीचा करदोडा होता, नातीच्या कमरेला बांधायचा, बारीक घुंगरांचा. आईच्या पायातले तोडे इतकी वर्षं त्यांनी मोडले नव्हते. घर बांधताना नाही, अश्विनीच्या लग्नातही नाही. ते आता सोनाराकडून मोडून हा करदोडा घडवला होता.

"बाकी जाईन ते जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पैसे जाऊ द्या. पण माह्या मायची चांदी पोरीच्या कमरेले लागली पाह्यजे. हे सांभाळान का तुमी?"

"सांभाळान का म्हणजे?" यशवंतराव उखडले. पण बायकोचा आवाज नेहमीसारखा नव्हता हे त्यांनाही कळलं. त्यांनी पुडी हातात घेतली आणि मनातल्या मनात पावती फाडली.

आता पांढुर्ण्यात कोणी परदेशी निघालं की सल्ला द्यायला पासपोर्ट लागत नाही. समोरच्या घरातले मोतीराम मूळचे नदीपलीकडचे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत पांढुर्ण्यावर दगड फेकणाऱ्या सावरगावचे. संत्र्याचे बगीचे ठोक्यानं घ्यायचे आणि ट्रक भरून पाठवायचे हा त्यांचा धंदा. परदेश त्यांनी पाहिला नव्हता, पण ट्रकाबरोबर ते दूरदूरच्या मंड्या हिंडले होते, आणि मंडीत ज्याचा खिसा वाचला त्याचा खिसा चंद्रावरही वाचतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"मास्तर, चोराले काहीच नाही भेटलं तं तो चिडते," ते ओट्यावर बसून म्हणाले. "म्हून चोराच्या नावाचं एक पाकीट अलग ठेवाचं. मागच्या खिशात. त्याच्यात कागदं भराचे, वरून एक दहाची नोट. तो बी खूश, आपण बी खूश."

"चोराले मी काहून खूश करू?" यशवंतराव म्हणाले. "ही तं लाच झाली!"

"लाच नाही, मास्तर. डाव होय."

यशवंतरावांना डाव पटला नाही. त्यांनी राजू टेलरकडे जाऊन आतून चोरखिसा असलेली बंडी शिवायला टाकली. चोरखिशाचं तत्त्व साधं आहे: तो आहे हे कोणाला कळता कामा नये. राजूनं बंडी झकास शिवली आणि कौतुकानं दुकानाच्या दारात टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती उलटी करून दाखवायचा. दोन दिवसांत गावातली अनोळखी माणसंही यशवंतरावांना थांबवून विचारू लागली, "काकाजी, खिसा डाव्या बाजूनं ठेवला का उजव्या?" पानठेल्यावर यावर पैजा लागल्या. तिसऱ्या दिवशी राजूनं पुठ्ठ्यावर हिंदीत लिहून लावलं: ‘विदेश जाने वालों के लिए चोरखिसा बंडी, पोस्टमास्टर काकाजी वाली.’ यशवंतरावांनी तो पुठ्ठा स्वतःच्या हातानं उतरवला. राजूला त्याचं वाईट वाटलं, कारण दोन ऑर्डरी आल्या होत्या.

मग युरो. पांढुर्ण्यात संत्री मिळतात, कापूस मिळतो, युरो मिळत नाहीत. त्यासाठी नागपूरला जावं लागलं. तिथल्या काउंटरवरची बाई पासपोर्ट आणि आधार आलटून पालटून बघत म्हणाली, "काका, पासपोर्टवर जिल्हा छिंदवाडा आहे आणि आधारवर पांढुर्णा. तुम्ही घर बदललं का?"

"मी नाही बदललं. जिल्हा बदलला."

"म्हणजे तुम्ही छिंदवाड्याहून पांढुर्ण्याला आले."

"मी कुठून कुठी आलो नाही, बाई! मी माह्या घरात बसून होतो. जिल्हाच माह्या घरावरून गेला!"

"मग त्याचं काही प्रमाणपत्र?"

"कशाचं? मी न हलल्याचं?"

शेवटी आतून एक वयस्क साहेब आले. छिंदवाडा तोडून पांढुर्णा नवा जिल्हा झाला हे त्यांना माहीत होतं आणि काम झालं. पण यशवंतराव परतीच्या गाडीत बैतूलच्या एका संपूर्ण अनोळखी माणसाला हे सगळं पहिल्यापासून सांगत आले. शंभर किलोमीटर आपण सहन केलं, असं त्या माणसाच्या तोंडावर दिसत होतं.

एवढं झाल्यावर मोतीरामांच्या डोक्यातून निघालं की एकदा रंगीत तालीम करून पाहू. बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, यशवंतरावांनी बंडी घालून आणि मागच्या खिशात चोराच्या नावाचं पाकीट ठेवून चालायचं. मोतीरामांनी मागून येऊन जे जमेल ते मारायचं. चोरखिशापर्यंत हात पोचला तर बंडी नापास.

मोतीरामांनी पाकीट असं काही अलगद उचललं की बघत राहावं. पण नेमकी बघत होती वांगी विकणारी एक बाई.

"खिसा मारला! पकडा त्या बुढ्याले!"

लोक धावले. कोणीतरी ओरडलं, "सावरगाववाला होय!" आणि पांढुर्ण्याच्या बाजारात तेवढा पुरावा पुष्कळ झाला. मोतीरामांची कॉलर धरली गेली, दोन कानफटीत बसल्या, वांग्यांची टोपली उलटली.

"अरे थांबा! सोडा त्याले!" यशवंतराव गर्दीत घुसून ओरडले. "तो माहाच चोर होय!"

याचा अर्थ कोणालाच लागला नाही, आणि लागेपर्यंत आणखी एक बसली.

घरी येताना मोतीराम चार पावलं पुढेच चालले. आपल्या दाराशी पोचल्यावर एवढंच म्हणाले, "दरसाल गोटमारीत उभा राह्यतो मी, मास्तर. नदीच्या त्या काठावरून. तिथं बी मले एवढं नोतं लागलं." आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी यशवंतरावांच्या ओट्यावर ते पाकीट पडलेलं होतं. आत वर्तमानपत्राचे कागद नीट घडी घालून भरलेले, वर दहाची कोरी नोट. मोतीरामांनी स्वतःच्या पदरची घातली होती. यशवंतरावांनी ते पाकीट उचलून मागच्या खिशात ठेवलं. त्यानंतर समोरचं दार यशवंतरावांसाठी काही उघडलं नाही. त्यांना फार वाईट वाटलं, पण जाऊन माफी मागायची म्हणजे चूक आपली होती असं झालं असतं, आणि चूक तर वांगेवालीची होती.

त्या विचारात त्यांना एक साक्षात्कार झाला. खिसा म्हटला की त्याला तोंड आलं, आणि तोंड आलं की हात आला. मग तोंडच कशाला हवं? पोस्टात त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. मांजरपाटाची थैली, दाभणानं घातलेले बारीक टाके आणि वर लाखेचं सील. असं पार्सल कोणी वाटेत उघडत नाही. ते मुक्कामीच उघडतं.

त्यांनी मांजरपाट आणला, जुन्या डब्यातली लाखेची कांडी काढली. दोघांचे पासपोर्ट, युरो, तिकिटांचे कागद आणि चांदीच्या करदोड्याची पुडी, सगळं एका थैलीत घालून तोंड शिवून टाकलं. थैली बांधली कुठं? तर स्वतःच्या कमरेच्या करदोड्याला. हा काळा दोरा लहानपणी कमरेला चढतो तो माणूस जातो तेव्हाच उतरतो, तेव्हा त्याच्याइतकी पक्की खुंटी दुसरी कोणती असणार? शिवण मुद्दाम पोटाकडे ठेवली, चोराची बोटं पोचू नयेत म्हणून. थैलीवर तीन ठिकाणी लाख ओतली, एका ठिकाणी गाठीवर, आणि गरम लाखेवर जुन्या चांदीच्या रुपयाचा ठसा उमटवला. गाठीवरची लाख ओतताना एक थेंब पोटावर पडला तो त्यांनी कर्तव्य म्हणून सोसला. मग हात चालता झाला होता म्हणून दोन्ही बॅगाही मांजरपाटात शिवल्या आणि वरून सुतळी आवळली.

जयवंताबाई हे सगळं बघत होत्या. "अन् वाटेत कोणी पाहाले मागतलं तं?"

"आपल्या देशात आधार चालते," यशवंतराव म्हणाले. "पासपोर्ट दुसऱ्याच्या देशाले दाखवाचा राह्यते. तिथं उतरलो का सील तोडू."

जयवंताबाई गप्प बसल्या. त्या कधी विमानात बसल्या नव्हत्या. यशवंतरावही बसले नव्हते, पण ते गप्प बसले नव्हते.

मुंबईपर्यंत रेल्वेनं गेले. तिथवर आधार चालत आलं. विमानतळाच्या दारावरच्या साहेबांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "पासपोर्ट."

यशवंतरावांनी आधार दिलं.

"पासपोर्ट, अंकल."

"वो वहाँ दिखाते ना."

"वहाँ कहाँ?"

"बार्सिलोना में."

साहेबांनी एक श्वास घेतला. "उसके बिना यहाँ से अंदर नहीं जा सकते. है कहाँ पासपोर्ट?"

यशवंतरावांनी पोटावर हात ठेवला. "इधर है. बंद है."

साहेबांनी त्या पोटाकडे पाहिलं. पोट एका बाजूनं चौकोनी होतं.

"ये क्या बाँधा है?"

"पार्सल है. सील किया हुआ. ऊपर से लाख है."

"लाख?"

"हाँ, लाख."

"कितने?"

प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नाला यशवंतरावांनी आयुष्यात कधी वाकडं उत्तर दिलं नव्हतं. "चार," ते म्हणाले. "तीन थैली पे, एक गाँठ पे."

मागची रांग एकदम पुढे सरकली. मग तिच्यातून एक पुणेरी आवाज आला, "बघा, कमरेला चार लाख! आणि दिसतात किती साधे." यशवंतरावांनी मागे वळून त्या बाईंना जाब विचारायचं ठरवलं, पण तेवढ्यात दोन जणांनी त्यांना अत्यंत अदबीनं दोन्ही दंडांना धरलं.

खोली लहान होती. खिशातलं सगळं टेबलावर काढायला लावलं: रुमाल, चष्म्याचं घर, सुपारीची डबी, चोराच्या नावाचं पाकीट. पाकिटातून वर्तमानपत्राचे कागद निघाले तेव्हा साहेबांच्या कपाळावर आणखी एक आठी चढली. मग त्यांनी थैलीकडे बोट दाखवून ती उघडायला सांगितलं.

इथं यशवंतरावांमधला पोस्टमास्तर जागा झाला. "सीलबंद पार्सल ऐसा नहीं खोलते. दो साक्षीदार लगते. पंचनामा लगता."

"अंकल, फ्लाइट आपकी है."

"फ्लाइट मेरी है," यशवंतराव म्हणाले, "नियम सबका है."

साहेबांनी डोकं धरलं. बाहेरून एक झाडूवाली बाई साक्षीदार म्हणून बोलावली गेली, दुसऱ्या साक्षीदार जयवंताबाई. कात्री आली. पण शिवण पोटाच्या बाजूला, आणि पुढून कापड कापावं तर आतले पासपोर्टच कापले जायचे. चालत्या-बोलत्या माणसाच्या पोटाशी कात्री चालवायला कोणी तयार होईना. गाठ सुटेना, लाख बोटांना दाद देईना. शेवटी साहेब म्हणाले, "ये काला धागा ही काट देते हैं."

"हात नका लावू त्याले!"

जयवंताबाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की झाडूवाली दाराला जाऊन टेकली. "माणूस जित्ता हाय माहा! जित्त्या माणसाचा करदोडा तोडता काय?"

"क्या बोल रही हैं?"

यशवंतरावांनी भाषांतर केलं, "वो धागा मरने के बाद काटते."

साहेबांनी कात्री मागे घेतली. "किसके मरने के बाद?"

"मेरे."

बाहेर कसली तरी घोषणा चालू होती आणि तिच्यात बार्सिलोना हा शब्द ऐकू आला. यशवंतरावांचा सगळा ताठा एकदम ढिला पडला. आपण इथंच राहू आणि नात तिकडे बिननावाची राहील, असं त्यांना दिसायला लागलं.

"तोड," ते बायकोला हळूच म्हणाले. "पोरगी वाट पाहून राहिली. मले काही होत नाही."

जयवंताबाईंचे डोळे भरून आले होते, पण त्या हलल्या नाहीत. आयुष्यभर त्यांनी नवऱ्याच्या हट्टापुढे नमतं घेतलं होतं, पण नवऱ्याच्या आयुष्यावर त्या पाणी सोडणार नव्हत्या. त्यांनी साहेबांच्या हातातून कात्री काढून घेतली, खाली बसल्या आणि बॅगेला आवळलेली सुतळी कापली. चांगली अडीच हात लांब, खरखरीत, नव्या कोऱ्या वासाची.

"आदी नवा, मंग जुना," त्या म्हणाल्या. "वर करा बंडी."

तीन सरकारी माणसांच्या आणि एका झाडूवालीच्या साक्षीनं यशवंतराव खोड्यांच्या कमरेला पार्सलाची सुतळी बांधली गेली. दोनदा गाठ मारून झाल्यावरच जुना काळा दोरा कापला. पार्सल टेबलावर आलं. टाके उसवले. पासपोर्ट निघाले, युरो निघाले, तिकिटं निघाली, चांदीचा करदोडा घुंगरू वाजवत निघाला.

"और चार लाख?"

यशवंतरावांनी थैली उलटी करून लाल सीलं दाखवली. "ये. एक, दो, तीन. और ये गाँठ का."

साहेबांनी ती सीलं बोटानं पुन्हा मोजली. मग त्यांचा सहकारी तोंड वळवून खोलीबाहेर गेला आणि बाहेरून खोकल्यासारखा आवाज येत राहिला. साहेबांनी मात्र चेहरा सांभाळला. "अंकल, भागिए. काउंटर बंद हो रहा है."

यशवंतरावांनी पासपोर्ट, तिकिटं आणि युरो राजूच्या चोरखिशात कोंबले. टेबलावरचं बाकीचं जयवंताबाईंनी भराभर आवरलं, जे हाताला लागलं त्यात जे मावलं ते भरलं, नवऱ्याचं ते नवऱ्याच्या खिशात खुपसलं, आणि दोघं बॅगा ओढत धावले. एका बॅगेचा मांजरपाट मागे लोळत होता.

विमानात सुतळी टोचत होती. त्यापेक्षा खोलीबाहेरचा तो खोकला जास्त टोचत होता. आपण नियमानं वागलो आणि हसं आपलंच झालं, आणि ही गोष्ट एक दिवस अंकुरला कळणार, या विचारानं यशवंतरावांना जेवण गेलं नाही. मागच्या खिशातलं पाकीट बुडाखाली जरा फुगल्यासारखं वाटलं. पण शेजारच्याची चिवड्याची पुडीही हवेत टम्म फुगली होती, तेव्हा विमानात सगळंच फुगत असावं असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

बार्सिलोनाला अंकुर घ्यायला आला होता. पाया पडला, बॅगा घेतल्या, आणि मेट्रोत चढता चढता म्हणाला, "बाबा, इथेच जरा लक्ष ठेवा हं."

यशवंतरावांनी दात आवळले. डबा गच्च होता. त्यांच्या बाजूला एक चांगल्या कपड्यातला तरुण उघडा नकाशा धरून उभा होता, आणि थोड्याच वेळात यशवंतरावांना मागच्या खिशात दोन बोटं जाणवली.

आधी ते दचकले. मग त्यांच्या लक्षात आलं: मोतीरामांचा डाव! चोर आला होता आणि नेमका चोराच्याच पाकिटावर आला होता. यशवंतरावांच्या अंगात आनंदाची लहर उठली. त्यांनी श्वास रोखला, छताकडे पाहिलं आणि त्या पोराला अडचण नको म्हणून कंबर जरा बाहेरसुद्धा काढली. पाकीट निघायला अडलं तेव्हा त्यांनी डावा पाय उचलून खिसा सैल केला. पुढच्या स्टेशनवर तरुण उतरला. यशवंतरावांनी काचेतून त्याला हात केला. त्यानंही गोंधळून केला.

स्टेशनाबाहेर पडताच त्यांनी पहिलं काम केलं ते मोबाइलवर मोतीरामांना बोलून निरोप पाठवायचं. "मोतीराम! नेलं! नेलं रे भाऊ, पाकीट नेलं! तुमचा डाव जमला!" किती दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं.

अश्विनीच्या घरी त्यांनी नातीला मांडीवर घेतलं आणि सगळा प्रसंग उभ्यानं करून दाखवता येईना म्हणून बसल्या बसल्या करून दाखवला. पाय कसा उचलला तेही दाखवलं. अंकुर पोट धरून हसला. "बाबा, मानलं तुम्हाला!"

"मले सांगत होता!" यशवंतराव म्हणाले. "सगळं आईंकडे द्या म्हणे!"

जयवंताबाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"कोणतं पाकीट?" त्या म्हणाल्या. "टेबलावरचं?"

"तेच ते. चोराचं."

"त्याच्यात मी चांदीचा करदोडा टाकला होता. तिथं दुसरं काही हाती लागलं नाही. मले वाटलं, तुमचं पाकीट होय, तुमच्याजवळच राहीन."

घुंगरांचा फुगवटा यशवंतरावांना आता आठवला. त्यांनी नातीला हळूच अश्विनीच्या हाती दिलं. त्यांना बायकोची क्षमा मागायची होती, पण तोंडातून शब्द निघाला तो "पोलीस!"

पोलीस चौकीतल्या बाई शांत होत्या. अंकुर दुभाषा झाला. चोराला पाहिलं का? पाहिलं, चांगलं पाहिलं. त्यानं धक्का दिला? नाही. तुम्ही विरोध केला? नाही. काय केलं? अंकुर थांबला, सासऱ्याकडे पाहिलं आणि मग काहीतरी बोलला. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काय सांगतलं तू तिले?" यशवंतरावांनी विचारलं.

"तुम्ही पाय उचलला म्हणून सांगितलं."

"सगळं सांगाची काय गरज होती?" यशवंतराव कडाडले. पण आवाजात दम नव्हता. येताना रस्ताभर ते चोराला शिव्या देत होते, मोतीरामांना देत होते, विमानतळाला देत होते, आणि प्रत्येक शिवी फिरून त्यांच्याच दारात येत होती.

जयवंताबाईंनी घरी आल्यावर नेहमीसारखं त्यांचं पान वाढलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बारशाच्या सकाळी जयवंताबाईंनी शिवलेल्या बॅगेचा मांजरपाट घेतला, त्यातून एकेक धागा ओढून काढला, मांडीवर पीळ दिला आणि अश्विनीच्या काजळाच्या डबीत बुडवून काळा केला. तोच दोरा पाळण्यातल्या पोरीच्या कमरेला बांधला. पोरीचं नाव ठेवलं अमृता. यशवंतराव भिंतीशी उभे होते. त्यांच्या कमरेची सुतळी त्यांनी अजून सोडली नव्हती, बदलून घ्या म्हटलं तरी. नातीच्या कमरेचा दोरा आणि आपली सुतळी एकाच बॅगेच्या बांधणीतून आलेत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी चष्मा पुसला.

तेवढ्यात मोतीरामांचा व्हिडिओ कॉल आला. मागे पांढुर्ण्याचा बाजार दिसत होता. कितीतरी दिवसांनी मोतीरामांचं तोंड फुललेलं होतं.

"मास्तर! तुमचा आवाज साऱ्या बाजारले ऐकवून राहिलो! त्या वांगेवालीले ऐकवला, ज्यानं मले मारलं त्याले बी ऐकवला. साऱ्याईनं माफी मागतली माही. म्हटलं, पाहा, सावरगावचा डाव परदेशात चालला!"

यशवंतरावांनी तोंड उघडलं. खरं काय ते सांगायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग त्यांना ती दहाची कोरी नोट आठवली.

"तुमचाच डाव, मोतीराम," ते म्हणाले. "तुमचाच."

"पण एक सांगा, मास्तर. पाकीट खोलून पाह्यलं असन, तवा त्या चोराचं तोंड कसं झालं असन?"

जयवंताबाईंनी पाळण्याची दोरी अश्विनीच्या हातात दिली, नवऱ्याच्या हातातून फोन घेतला आणि तोंडासमोर धरला.

"खूश झाला असन, मोतीरामभाऊ," त्या म्हणाल्या. "लय खूश झाला असन."